आवाजाचे मार्क

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, लोक ‘रेंजवाले’ म्हणायचे. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी फोन पुढे यायचा. “बघा हो, स्वयंपाकघरात लागतच नाही.” डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसे भाऊजी दिसले की फोन बाहेर काढायचे. भाऊजींनाही तेच हवं असायचं. खिडकी कुठल्या दिशेला, छत पत्र्याचं आहे का, लिफ्ट कुठे, असं विचारत ते घरभर हिंडायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, “फोन बिचारा चांगलाय. तुमचं लोखंडी कपाट हलवा.” कपाट हलवून ज्यांचा फोन लागला ते त्यांना डोक्यावर घ्यायचे. ज्यांचा नाही लागला ते माघारी काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, पण जाऊ द्या.

ते मोबाइल कंपनीच्या टेस्टिंगच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काचेपाशी एका पट्टीत ओळीनं फोन लावलेले, टपावर काळी अँटेना, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेला इंजिनियर. शहरातले ठरलेले रस्ते हळूहळू फिरायचे आणि कुठे रेंज पडते, कुठे फोन तुटतो ते टिपायचं. मागून हॉर्न वाजवणारे शिव्या देऊन पुढे जायचे. भाऊजी म्हणायचे, “द्या शिव्या. घरी जाऊन बायकोशी बोलाल ना, ते आमच्यामुळेच.”

ही मोजणी आता यंत्रच करतं. सुरुवातीच्या काळात तसं नव्हतं. फोनवर रेंजच्या काड्या भरपूर दिसल्या म्हणजे आवाज चांगला असतो असं नाही. काड्या फक्त जोर सांगतात. दोन टॉवर एकमेकांवर चढले, गर्दी झाली, मध्ये जाड भिंत आली, की काड्या तशाच राहतात आणि शब्द मात्र फाटतात. म्हणून दुसऱ्या टोकाला एक माणूस लागायचा, जो ऐकून पाचपैकी मार्क देईल. ऑफिसात त्यासाठी एकाला बसवला होता, पण तो जागेवर सापडेल तर शपथ. भाऊजींनी दोन-चारदा वाट पाहिली आणि सरळ घरी फोन लावला.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहायचे. माझी पहिली नोकरी त्यांच्या शहरात लागली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई घरी शिवणकाम करायची आणि तिचं मशीन खिडकीशी होतं. घरात रेंज फक्त त्या खिडकीत, तीही डाव्या कोपऱ्यात. म्हणून फोन गजाला नाडीनं बांधून ठेवलेला. वाजला की ताई पायाखालची पट्टी थांबवायची आणि मान वाकडी करून गजाला कान लावायची. समोरच्या इमारतीतली मुलं तिच्याकडे बघून खिदळायची.

पलीकडून कंपनीनं ठरवून दिलेलं वाक्य यायचं: “एक दोन तीन चार, आकाश निळं आहे, मांजर खिडकीत बसलंय.”

“तीन,” ताई म्हणायची. “मांजर आलं, खिडकी गेली.”

“बरं. आणि आता?”

“आता चार. पुलाखालून बाहेर आलात ना?”

तिला कळायचं. पुलाखाली त्यांचा आवाज बुडायचा, कापडबाजारात खरखरायचा, हॉस्पिटलच्या मागे दुरून आल्यासारखा यायचा. कधीही ज्या रस्त्यांवर गेली नव्हती ते रस्ते तिला त्यांच्या आवाजावरून पाठ झाले होते. हॉस्पिटलच्या मागे तिनं इतके दिवस हट्टानं ‘दोन’ दिले, की कंपनीनं शेवटी तिथली अँटेना खाली झुकवली. त्या दिवशी भाऊजी असे काही ऐटीत घरी आले, जणू ताईनंच शिडी लावून ती झुकवली होती. “साहेब म्हणाले, तुमच्या मिसेसचे कान म्हणजे कान आहेत!” ताईनं नाक मुरडलं, पण पुढे आठवडाभर ती गुणगुणत होती.

मार्कांच्या मध्येच संसार उरकायचा. “चार. येताना काळा दोरा आणा.” “दोन. गॅस संपलाय.” मी चिडवायचे, “भाऊजी, कंपनीच्या खर्चानं प्रेम चाललंय तुमचं!” ते म्हणायचे, “मेहुणीबाई, तुम्हाला जळायला पगार मिळतो का?” आज माझ्या हातातल्या फोनवर अख्खं जग दिसतं, पण गजाला बांधलेल्या त्या खोक्याची मला अजून आठवण येते. त्या घरात मी जितकं हसले तितकं नंतर कुठेच हसले नाही.

मग काळ बदलला. दर काही वर्षांनी नेटवर्कची नवी पिढी यायची, मोठ्या जाहिराती लागायच्या आणि भाऊजींच्या गाडीतले फोन बदलायचे. नव्याचा वेग जास्त, पण त्याच्या लहरी भिंतीला लवकर हरतात, म्हणून टॉवर जवळजवळ लावावे लागतात, असं ते आम्हाला जेवताना समजावून सांगायचे. एका पिढीत गाडीत असं यंत्र आलं, की फोन आपणच लागायचा, आपणच बोलायचा आणि आपणच मार्क द्यायचा. ताईची गरज संपली.

तरी रोज दुपारी एक फोन तिला यायचाच. इंजिनियर बदलले, गाड्या बदलल्या, मी लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेले, पण तो फोन काही चुकला नाही. मांजर खिडकीत बसलेलंच होतं. ताई मार्क द्यायची, भाऊजी गंभीरपणे “नोंद घेतली” म्हणायचे. कुठे घ्यायचे नोंद, देव जाणे.

भाऊजींच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असतील. ताईच्या घरामागच्या टॉवरवर नव्या पिढीच्या अँटेना चढल्या आणि ताईचे मार्क घसरले. आधी तीन, मग दोन. “शब्द येतात हो, पण अर्धेच. ‘साडी’ म्हणालात की ‘गाडी’, तेच कळत नाही.”

भाऊजींनी कान टवकारले. काड्या भरपूर आणि अक्षरं गळतात? हा तर दोन टॉवर एकमेकांवर चढल्याचा सरळ पुरावा! आणि घरात समोरासमोर ताईला नीट ऐकू येत होतं. म्हणजे दोष फोनच्या वाटेवर कुठेतरी होता. ते हट्टाला पेटले. ताईचा फोन बदलला. सिम बदललं. खिडकीच्या काचेला उन्हासाठी चकचकीत कागद चिकटवला होता, त्यात धातू असतो म्हणून तो खरवडून काढला. ऑफिसात भांडून मागच्या अँटेनेचा कोन बदलायला लावला, एकदा नाही, दोनदा. रोज फोन करायचे आणि रोज उत्तर यायचं, “दोन.”

त्यांच्या गाडीवर तेव्हा एक इंजिनियर मुलगी होती. हुशार, शांत, भाऊजींना ‘काका’ म्हणायची. तिनं दोनदा गाडी ताईच्या गल्लीत आणून मोजणी केली. सगळं पाचपैकी पाच. दुसऱ्या वेळी ती जपून म्हणाली, “काका, एकदा काकूंचे कान दाखवून घ्या ना.”

भाऊजी भडकले. “मॅडम, तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हा त्या कानांवर या शहराचे टॉवर उभे राहिलेत! यंत्र चुकेल, ती नाही चुकणार.” पुढे कितीतरी दिवस ते त्या मुलीशी कामापुरतंच बोलले. माझ्या घरी येऊन त्यांनी मला हे तावातावानं सांगितलं. मलाही त्या मुलीचा रागच आला. ताईचे कान! म्हणजे काय!

शेवटी भाऊजींनी एक शक्कल लढवली. ताईलाच गाडीत बसवायचं, ती ठरलेल्या रस्त्यांवर स्वतः ऐकेल आणि इंजिनियर मॅडमची खात्री पटेल. मुलगी बिचारी तयार झाली. एका सकाळी आम्ही निघालो. भाऊजी गाडी चालवताहेत, मुलगी शेजारी, मागे ताई आणि मी. मागची यंत्रं दिसावीत म्हणून भाऊजींनी समोर भलामोठा आरसा लावला होता. त्यात मागच्या सीटवरून त्यांचा सगळा चेहरा दिसायचा.

ताई अगदी खुशीत होती. इतकी वर्षं कानानं ओळखलेले रस्ते ती डोळ्यांनी बघत होती. “हा तुमचा कापडबाजार? एवढासा?” भाऊजी मान न वळवता एकेक जागा सांगत होते, ती हसून उत्तर देत होती. फोन अजून लावलाच नव्हता, नुसत्या गप्पा चालल्या होत्या.

मग गाडी पुलाखाली शिरली आणि अंधारलं.

“अगं, इथेच आवाज बुडायचा बघ माझा,” भाऊजी म्हणाले.

ताई गप्प.

“आठवतं ना?”

ती आरशाकडे डोळे ताणून बघत होती. मी तिच्या शेजारी होते, मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं. गाडी उजेडात आली तेव्हा ती म्हणाली, “काही म्हणालात का?”

थोडं पुढे गेल्यावर भाऊजींनी हात वर करून आरसा बाजूला वळवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “एक दोन तीन चार, आकाश निळं आहे.”

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कुणी बोललंय हेसुद्धा कळलं नव्हतं. भाऊजींनी आरसा पुन्हा सरळ केला. इंजिनियर मुलीनं लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाली, “काका, पुढच्या चौकात डावीकडे कानाच्या डॉक्टर आहेत. माझी आजी जाते तिथे.” भाऊजींनी गाडी डावीकडे घेतली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला काचेच्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. कानाच्या आतली नस थकली होती. बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात, त्यामुळे स, त, च अशी अक्षरं गळतात. समोर तोंड दिसलं की माणूस ओठांवरून जुळवून घेतो, आणि आपण जुळवतोय हे त्यालाही कळत नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत. “लवकर यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “फार दिवस अक्षरं पोचली नाहीत की मेंदू ती ओळखणं सोडून देतो. कानाचं मशीन लावून बघू. कितपत परत येईल ते आज सांगता येत नाही.”

बाहेर बाकावर भाऊजी दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले. “मेहुणीबाई, मी सगळं बदललं हो. फोन बदलला, सिम बदललं, काच खरवडली. हिचा कान तेवढा तपासला नाही. वर्ष घालवलं मी हिचं.” आणि तो आडदांड माणूस माझ्यासमोर रडला. मीही रडले, आणि रडता रडता रागावलेही, त्यांच्यावर आणि ताईवर.

ताईला मी विचारलं, “तुला कळलं नाही का गं?”

“वाटायचं अधूनमधून,” ती म्हणाली. “पण हे म्हणायचे नेटवर्क, तर मला वाटलं नेटवर्कच असेल. त्यांचं कामच ते.” मग जरा ओशाळून म्हणाली, “शिवाय कमी मार्क दिले की यांचे फोन वाढायचे. एकाचे चार.”

मशीन आलं. दोन्ही कानांमागे बसणारं, नखाएवढं, फोनशी जोडता येणारं. पहिले काही दिवस तिला नळ नको झाला, वर्तमानपत्राची सळसळ नको झाली, स्वतःच्या चपलांचासुद्धा वैताग आला. पण माणसांचं बोलणं? ते कालवल्यासारखंच यायचं. ती मशीन काढून डबीत ठेवायची, भाऊजी ते परत आणून हातात द्यायचे. भांडणं झाली. “मला नकोय हा गोंगाट!” “घालून तर बघ!” दुपारचा फोन बंद पडला होता. लावायची हिंमत भाऊजींना होत नव्हती. लावला आणि तिला तरीही कळलं नाही तर? ते मला म्हणाले, “तिनं ‘दोन’ म्हटलं तर या खेपेला मी काय बदलणार?”

एका रविवारी ताईच म्हणाली, “खाली जा. लावा फोन.”

भाऊजी जिना उतरून गेले. मी खिडकीशी उभी होते. ते रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबले, वर बघितलं, आणि मग पाठ फिरवून उभे राहिले. तिला ओठ दिसू नयेत म्हणून. ताईचा फोन वाजला. तिनं तो मांडीवरच ठेवला, कारण आवाज सरळ मशीनमध्ये येणार होता. तिनं डोळे मिटून घेतले.

मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त ताईचा चेहरा दिसत होता, आणि तो हलत नव्हता. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होते.

“ऐकू येतंय,” ती शेवटी म्हणाली. “सगळं येतंय. मांजर, खिडकी, सगळं.”

भाऊजींनी गर्रकन वळून वर बघितलं. त्यांनी मार्क विचारले असावेत, कारण ताईनं मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“मार्क राहू द्या हो,” ती म्हणाली. “तुमचा आवाज केवढा म्हातारा झालाय. कधी झाला? मला कळलंच नाही.”

खाली भाऊजी फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. रस्त्यावर माणसं येत-जात होती.

“या वर,” ताई म्हणाली. “आणि जिना सावकाश चढा.”