काट्यावर न चढलेले वीस किलो

१२ फेब्रुवारी २००९. वेंडेलीन हुडाचेक, हमाली, २४ युरो ६० सेंट. वहीतली ही नोंद माझ्या हातची आहे आणि नियमाप्रमाणे ती बरोबर आहे.

तात्रा डोंगरातल्या वरच्या निवाऱ्यावर गाडी जात नाही. पीठ, बटाटे, गॅस, सगळे हमालांच्या पाठीवर चढते. मजुरी किलोला साठ सेंट, आणि वजन धरायचे ते वरच्या काट्यावरचे. वेंडेलीन एकोणतीस वर्षे हे काम करत होता. एवढ्या काळात त्याचे ओझे खालच्या आणि वरच्या काट्यावर कधी वेगळे भरले नव्हते. गर्व असलाच तर त्याला याचाच होता.

त्या दिवशी त्याच्या पाठीवरच्या लाकडी चौकटीत एकसष्ट किलो होते. मी साठा मोजायला सोबत निघालो होतो आणि मला चारची बस गाठायची होती.

शेवटच्या घळीपाशी तो खडकावर थांबला. पलीकडे निवाऱ्याचे धुराडे दिसत होते. मधे शंभर पावलांची गुळगुळीत घळ. दोन दिवस वाऱ्याने कड्यामागचे बर्फ आणून तिच्यात भरले होते. त्याने काठी खुपसली. वरचा थर कडक लागला, मग काठी एकदम आत गेली.

"फळी आहे," तो म्हणाला. वाऱ्याने थापलेल्या बर्फाला हमाल फळी म्हणतात. "खाली पोकळ. वरच्या धारेने फिरून जाऊ."

"किती वेळ?"

"दोन तास."

"वेंडो, परवा तूच इथून आडवा गेलास ना?"

"परवा वारा नव्हता."

"मग एकेकटे जाऊ. मी पुढे होतो. माझ्या पंच्याहत्तर किलोने काय होतंय?"

"हिशेबनीस, तुझं वजन कुठल्या काट्यावर धरू? वरच्या की खालच्या?"

मला राग आला. "म्हातारा झालास तू," मी म्हणालो आणि पाऊल टाकले. त्याने माझ्या पिशवीचा पट्टा धरून मला मागे ओढले. घळीत खालपर्यंत पाहिले, दोनदा हाक दिली. खाली कोणी नव्हते. मग गुडघ्यावर बसून त्याने चौकट उतरवली आणि बटाट्यांचे पोते सोडले.

"काय करतोस?"

"आधी हे जाऊ दे."

त्याने लोटलेले पोते दहा-पंधरा पावले घरंगळून थांबले. बघ, असे म्हणायला मी तोंड उघडले, तोच डोंगराने जड उसासा टाकल्यासारखा आवाज आला. घळीवर आडवी चीर धावली आणि सगळा उतार तुकडे होऊन सुटला. पोते दिसेनासे झाले. खालून आवाज बराच वेळ येत राहिला.

वेंडेलीन रिकाम्या घळीकडे पाहत होता. "एकोणतीस वर्षं," तो म्हणाला. मग, "हात लाव. एकट्याने पाठीवर येत नाही ही चौकट."

आम्ही धारेनेच गेलो. वरच्या काट्यावर एकेचाळीस भरले. निवारा सांभाळणाऱ्या मार्गिताने दोनदा पाहिले.

"वेंडो, काटा बिघडला की काय?"

"काटा ठीक आहे," म्हणत तो आंबट कोबीच्या सुपाकडे वळला. माझी बस चुकली.

महिनाअखेरीस मी स्वतःच्या खिशातले बारा युरो पुढे केले. त्याने हात मागे घेतला.

"बटाटे पोचले नाहीत."

"मी पोचलो."

"तुला मी उचललं नव्हतं."

मागच्या वर्षी त्याने ओझी वाहणे सोडले. बारा युरो अजून देणे आहेत.