सात मिलिमीटरचा ओटा

माझं दुकान पाडलं त्याच्या तिसऱ्या वर्षाची ही गोष्ट. स्टेशन रोड रुंद करायला निघाले आणि आमची सगळी ओळ गेली. प्रत्येकाला नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, फक्त एका कागदावर सही करायची होती: आपलं दुकान हद्दीच्या बाहेर किती आलं होतं, ते मान्य करायचं. बाकीच्यांनी कुणी फूट, कुणी दीड फूट लिहून गाळे घेतले. माझ्या कागदावर दोन फूट लिहिलं होतं. मी म्हणायचो, एक इंच नव्हतं. सिरसाळ्याहून सायकलवर माल आणून, दारोदार फण्या-रिबिनी विकून मी ते दुकान उभं केलं होतं. त्याला अतिक्रमण म्हणणारा कागद मी कारकुनासमोर फाडला आणि बीडला कोर्टाच्या तारखांना जायला लागलो. माझ्या दुकानाचं जोतं त्या तारखांमुळेच कुणी उचललं नव्हतं. त्याच्याच समोर मी हातगाडा लावायचो.

त्या गाड्यावर एकदा रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब आले. बारीक दाताच्या फण्या मागितल्या. खिशातून सहा इंची पट्टी काढून एकेका फणीला लावून बघू लागले. दहा-बारा फण्या झाल्या, तरी संपेना.

"गार्डसाहेब, फणी घ्यायलाव का सोयरीक जमवायलाव?"

"दात मोजतोय."

"उवा न्हाईत मोजत."

"उवांसाठी न्हाई. पत्रा करायचाय."

मला वाटलं, म्हातारा माझी टर उडवतोय. रागानं मी दुप्पट भाव सांगितला. त्यांनी घासाघीस न करता दिला. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो. आपण भाव कमी सांगितला की काय, असं दिवसभर टोचत राहतं. दुपारी गाड्यावर ताडपत्री टाकून, फणीचा पत्रा कसा होतो ते बघायला मी त्यांच्या घरी गेलो.

बैठकीत दोन ट्रंकांवर एक जुनं दार आडवं टाकलं होतं आणि त्यावर रूळ. बोटाएवढं इंजिन, चार डबे, सिग्नल. त्यांचा जावई पुण्याच्या कारखान्यात इंजिनियर. तेव्हा कंपन्या लोकांना परदेशी पाठवायला लागल्या होत्या. तो जर्मनीहून ही गाडी घेऊन आला होता, आणि स्टेशनसमोर जोडून मांडायला दुकानांच्या सुट्या भागांचे काही खोके. खोक्यांवरची चित्रं मी पाहिली. उभ्या उतरत्या छपरांची दुकानं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, दारात एक जाडा पाववाला.

"आपल्याकडं बर्फ पडत न्हाई," गार्डसाहेब म्हणाले. "हे छप्पर काय कामाचं?"

आणि त्यांनी काय केलं होतं ते बघून मी खाली बसलो. पाववाल्याच्या दुकानाची भिंत त्यांनी उलटी चिकटवली होती, कारण आतली बाजू सपाट होती, आपल्या भिंतीसारखी. नक्षी कानसेनं घासून टाकलेली. छपराचे दोन तुकडे आडवे ठेवून माळवद केलं होतं. पुढचा काचेचा भाग कापून तिथं काड्यापेटीच्या काड्यांची फळ्यांची दारं लावली होती. आणि पत्रा? टूथपेस्टच्या नळीचा पातळ पत्रा माझ्या फणीवर ठेवून त्यांनी वर दुसरी फणी दाबली. उचलला तर नालीदार पत्रा तयार, वळ्या अगदी सारख्या. मी आयुष्यभर फण्या विकल्या, पण माझ्या मालात हे आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

"यांना सांगा जरा," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "पेस्ट संपायच्या आधीच नळी कापून नेतेत. आमी काय राखुंडी लावायची का?"

"लावा की, दात बळकट व्हतेत," गार्डसाहेब मान वर न करता म्हणाले.

ते आमचा स्टेशन रोड करत होते, पाडायच्या आधीचा. चहावाला होता, सायकलवाला होता, पिवळ्या खोक्याचा एसटीडीवाला होता. मधे एक जागा मोकळी. माझी.

माझं डोकं लगेच चाललं. हा माणूस पट्टीशिवाय श्वास घेत नाही. यानं माझं दुकान हुबेहूब करून ओळीत बसवलं, तर त्या सही मागणाऱ्यांना इथं आणून दाखवता येईल.

"माझं करा," मी म्हणालो. "जसं होतं तसंच. काय लागंल ते सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते सुतळी घेऊन जोत्यावर आले. मागच्या भिंतीपासून पुढच्या दगडापर्यंत माप घेतलं. सुतळीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि सुतळी गुंडाळली.

पंधरा दिवस मी रोज दुपारी जायचो. दारांचा निळा रंग मी तीनदा बदलायला लावला, त्यांनी तीनदा बदलला. एसटीडीवाल्याकडून रंगीत वायरचे तुकडे आणून, आतली तार काढून, त्यांनी ब्लेडनं वरच्या आवरणाच्या पातळ चकत्या केल्या. त्या झाल्या बांगड्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, मोहरीएवढ्या. चिमट्यानं एकेक उचलून त्यांनी खिळ्याला अडकवल्या. त्यांचा हात एकदाही हलला नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरताना माझा हात असा कधी चालला नव्हता. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी दुकान ओळीत ठेवलं. गटाराच्या दगडांची रेघ, म्हणजे आमच्या ओळीची हद्द, त्यांनी आधीच मारून ठेवली होती. दुकानापुढचा माझा ओटा त्या रेघेच्या पुढं आला.

"मागं घ्या," मी म्हणालो.

"मागं भिंत हाय."

"किती आलाय पुढं?"

"सात मिलिमीटर. सगळं सत्त्याऐंशी पट लहान हाय. म्हंजे दोन फूट."

"चार करा."

"कावून?"

"बरं, पाच. दोनाच्या फरकानं कुणाला काय कळतंय?"

गार्डसाहेबांनी खोक्यातली छोटी बस उचलली आणि बोटानं रस्त्यावरून ढकलत नेली. वळणावर ती माझ्या ओट्याला घासली आणि अडली. मला ते वळण आठवलं. तिथं टांगे अडायचे, आणि मी गल्ल्यावरून टांगेवाल्यांना शिव्या द्यायचो की तुम्हाला हाकता येत नाही.

"तुमी बी त्याहिच्यातलेच," मी म्हणालो. "किती घेतले?" चहा तसाच सोडून मी निघून आलो.

आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गार्डसाहेबच गाड्यावर आले. हातात माझं दुकान होतं, पण ओटा सुटा काढलेला.

"तुमचं मूळचं दुकान रेघेतच होतं," ते म्हणाले. "मी ड्युटीवर जाताना रोज बघायचो. पहिल्यांदा तुमी सकाळी फळी टाकायचात अन् बंद करताना आत घ्यायचात. मग एका पोळ्यापासून ती भाईरच राह्यली. मग खाली विटा आल्या."

गाडी कुठं किती मिनिटं थांबली हे वहीत लिहायची सवय असलेला माणूस. आवाजात आरोप नव्हता, तेच वाईट. कारण विटा मला आठवल्या. मीच आणल्या होत्या, सायकलच्या कॅरिअरवर, एका वेळी पाच, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. पुढं ओट्यावर बसून इतकी वर्षं धंदा केला की तो पहिल्यापासूनच तिथं होता, असं मला खरंच वाटायला लागलं होतं. मी कोर्टात शपथेवर तेच सांगितलं होतं.

"आता कसं बसवू?" त्यांनी विचारलं. "ओट्यासकट का बिगर ओट्याचं? दुकान तुमचं हाय."

मी बराच वेळ फण्या सरळ करत राहिलो. "बिगर ओट्याचं," म्हणालो. "तुमची बस जाऊ द्या."

त्या आठवड्यात मी सही केली. दोन फूट. कारकून माझ्याकडं बघत राहिला, तेवढ्यात मी कोपऱ्याचा गाळा मागून घेतला. दिला नाही. तीन वर्षं उशीर केला म्हणून जिन्याखालचा दिला. ते मला अजून पटलेलं नाही आणि मी ते आजही कुणालाही सांगतो.

तो सुटा ओटा गार्डसाहेबांनी मला दिला. माझ्या गल्ल्यात सुट्या पैशांच्या वाटीत असतो. शेजारचा गाळेवाला अधूनमधून म्हणतो, "जिन्याखाली कोन बघतंय बे, फळी टाक की भाईर." टाकता येईल, जागा आहे. पण मी गटाराच्या अलीकडंच माल लावतो. गार्डसाहेब रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं फिरायला जातात.