नट किती आवळायचा

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी दोन माणसांची एक जुनी बोट घेतली. तिच्यासोबत तिच्याहून जड, गंजका ट्रेलर आला. नाकापेक्षा मोती जड, असं मी चिडवायची. तरी दर हिवाळ्यात ट्रेलरची चाकं उघडायचा दिवस आला की अंगणात खुर्ची टाकून आधी मीच बसायची.

विजय नगरातल्या आमच्या अंगणात तेव्हा ऊन नुकतंच पोचलेलं असायचं. हे काळं पडलेलं ग्रीस पुसायचे, बेरिंग डिझेलमध्ये धुवायचे. मग तळहातावर नव्या ग्रीसचा गोळा घेऊन बेरिंग त्यात दाबत राहायचे, पार पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत. ते बघता बघता मला गुंगी यायची. चाक बसवून त्यांनी फिरवलं की त्या बारीक घरघरीत मी अंगणात बसल्याबसल्या बरगी धरणाच्या पाण्यावर पोचायची.

शेवटचं काम नटाचं. फार आवळला तर बेरिंग तापतं, सैल सोडला तर चाक डुगडुगतं.

"मधलं माप बोटालेच समजते," हे म्हणायचे. "तू काहून तिथून शेळ्या हाकून राहिली? ये, पाहून घे."

मी कधी उठले नाही.

यंदा नट बसवायला ह्यांना फार वेळ लागला. पाना दोनदा हातातून पडला. साखरेच्या आजाराने ह्यांची पावलं बधिर झालीच होती. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. हातांचा विचार माझ्या मनात आला नाही. मी ऊन खात बसले होते.

बोट घेऊन निघालो आणि बरगीच्या रस्त्यावर चहाला थांबलो. गाडी थांबली की ट्रेलरच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, तापलाय का ते हात लावून पाहायचं, हा ह्यांचा नेम. ह्यांनी हबवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याशी बोलत राहिले, आज पाणी कसं निळं असेल वगैरे.

"गार आहे," म्हणाले.

मी उगीच बोट लावलं आणि किंचाळले.

त्यांचा हात ओढून काढला. तळहात लालबुंद झाला होता. "भैया, पानी देना जल्दी!" मी टपरीवाल्याला ओरडले. पाणी ओतता ओतता ह्यांना वाट्टेल ते बोलले. घाबरले की मी अशीच भांडते. हे मात्र तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे त्याच्याकडे पाहत होते.

हब निवल्यावर जॅक लावला. या खेपेला पाना मी घेतला. हे सांगत गेले, मी करत गेले. पिन काढ, नट मागं घे, चाक फिरव, हळू आवळ, आता जरासा सोड. एका जागी चाक मोकळं झालं आणि डुगडुगलंही नाही. ते मधलं माप माझ्या बोटांना कळलं.

"समजलं?"

"समजलं." मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. मग विचारलं, "हातांचं हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. तू हात धरते ना, ते मी पाहतो. म्हणून समजते."

रस्त्यावरून ट्रक जात होते. मी त्यांचा दुसरा, न भाजलेला हात उचलला आणि त्यांना नीट दिसेल असा धरून ठेवला.