वणीची लाइन

"हात कोणी लावला?"

काहीही बंद पडलं की साहेबांचा पहिला प्रश्न हाच. काय बिघडलंय, ते नंतर. तुमच्याही ऑफिसात असा एक साहेब असेल, आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं हेही तुम्ही पाहिलं असेल.

आमची द्राक्षांची कंपनी. ऑफिस नाशिकला पंचवटीत, शीतगृह वणीला, गोदाम नांदगावला. नाशिकचे राउटर नवे, वणीचा जुनाट. नवे राउटर एकमेकांना नेटवर्कच्या एखाद्या भागाचा पत्ता देताना तो भाग केवढा आहे तेही सांगतात. जुन्याला ते कळत नाही. तो सगळे भाग आपल्याच मापाचे धरतो. वेगळ्या मापाचा पत्ता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि कुठे चूकही दिसत नाही.

मी साहेबांना म्हटलं होतं, "वणीला एक सरसकट मार्ग देऊन ठेवू. जो पत्ता माहीत नाही, तो नाशिककडे पाठव. एवढंच."

"मॅडम, तुम्ही फायली लावा. ते तुम्हाला छान जमतं."

ऐन हंगामात त्यांनी कोणाला न सांगता नाशिकच्या नेटवर्कचे लहान तुकडे केले. वणी गप्प झाली. गेटपास निघेनात, भरलेले ट्रक उन्हात उभे. कंपनीचे मालक, शेठ, तावातावाने आले. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडमनी हात लावला." मग स्वतःच सगळं पूर्ववत केलं आणि शाबासकी घेतली.

माझी बदली नांदगावला. घरी सासूबाईंनीही विचारलं, "नक्की काय केलंस गं?"

पुढच्या हंगामात नवे कॅमेरे आले. पुन्हा तुकडे, पुन्हा वणी गप्प. या वेळी पूर्ववत केलं तर कॅमेरे बंद. मला साहेबांचा फोन आला.

"मॅडम, ते सरसकट काय म्हणत होता तुम्ही?"

"शेठ आहेत?"

"समोरच बसलेत."

"स्पीकरवर टाका. मागच्या वर्षी हात कोणी लावला ते त्यांना सांगा. मग मी सांगते."

"आत्ता हे कशाला? माल उभाय."

"तेव्हाही उभा होता."

पलीकडे त्यांनी स्पीकर लावला. मग ते म्हणाले, "मी लावला होता, शेठ."

मी सरसकट मार्गासाठी टाइप करायची ओळ सांगितली. त्यांची बोटं चुकत होती. मीही ती पुन्हा पुन्हा सांगितली, अजिबात घाई न करता. वणी आली.

मी नाशिकला परतले, ते निवृत्त झाले. निरोपाला सगळे चांगलं बोलले. कोणाच्या घरी आजारपण असलं की साहेब डबा पोहोचवायचे, हे खरं आहे. मीही तो खाल्लाय. तरी मी बोलायला उठले नाही.

संध्याकाळी ते शाल-नारळाची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. रिक्षा थांबत नव्हत्या. माझी स्कूटर दिसताच त्यांनी हात केला. "मॅडम, पुलापर्यंत सोडता का?"

डिकीत दुसरं हेल्मेट होतं. मी थांबले नाही.