दोन कट, वेगळे

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. केडगावात आमच्याकडे फोन नाही, खालच्या किराणा दुकानात येतो. दुकानदाराने जिन्यातूनच हाक मारली, "सर, शेवगावचा फोन हाय... तुमचे साळवे सर गेले म्हनत्यात." मी कप खाली ठेवला. तेव्हा मनात जो पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. वाटलं, आता त्यांना ते कधीच सांगता येणार नाही. दुःख मागाहून आलं. महिना उलटून गेला, ते अजून आहे, आणि तो पहिला विचारही आहे.

नव्वदच्या सुमारास मी शेवगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. साळवे सर गणिताचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टँडजवळच्या नानाच्या हॉटेलात बसायचं. तिथे नुसता 'चहा' मागून भागत नसे. फुल की कट, म्हणजे अर्धा, ते सांगावं लागे. नुसत्या दुधाचा तो स्पेशल, आणि चहात कॉफी ओतली की मारामारी. नाना गल्ल्यावरून आत ओरडायचा आणि भट्टीवरचा त्याचा भाऊ त्याप्रमाणे कप भरायचा. पहिल्याच शनिवारी साळवे सरांनी एकच फुल मागवला. त्यातला अर्धा स्वतः प्यायले, आणि तोच कप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घ्या सर, उरलेला तुमचा."

मी म्हणालो, "नको सर, पित्त झालंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असू द्या," म्हणाले, उरलेला चहा संपवला आणि नानाला सांगितलं, "नाना, इथून पुढं आमचे दोन कट. वेगळे."

मला माणूस विक्षिप्त वाटला. अर्धा प्यालेला चहा ओळखपाळख नसलेल्या माणसाला कोण देतं? पुढे पुढे तर संशयीही वाटायला लागला. भट्टी दिसेल अशाच बाकावर बसायचे. कप कोणत्या फळीवरून येतोय ते बघायचे. शाळेतल्या चहापानात सगळ्यांचे कप उचलून झाल्यावर उरलेला घ्यायचे. नानाने आत काही वेगळं ओरडलं की लगेच, "काय म्हणाला तो?" एकदा नाना "बिनसाखर" ओरडला तेव्हा हे उठून उभेच राहिले. तो शेजारच्या म्हाताऱ्याचा चहा होता. मी हसलो, ते हसले नाहीत. मला वाटे, सगळ्यांची लबाडी आपल्यालाच दिसते, असा या माणसाचा समज आहे. म्हणजे संशय दोन्हीकडून होता, फक्त माझा मी दाखवत नसे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मुलंही निघून जायची. त्यांना मागे ठेवा, असं विनवायला आम्ही दोघं जीपने पाथर्डीकडच्या एका गावाला गेलो होतो. घसा कोरडा पडला म्हणून तिथल्या हॉटेलात शिरलो. मालकाने आम्हाला निरखलं. "कोन गावचं पाव्हनं? आडनाव काय म्हनले?"

"साळवे," सर म्हणाले. "दोन गोटीसोडे द्या. आमच्यासमोर फोडा. गिलास नको, बाटलीच द्या." बाहेर आल्यावर मी चेष्टेने म्हणालो, "काय सर, त्याने विष घातलं असतं का?" ते जीपकडे चालू लागले. परतीच्या जीपमध्ये आपणहून सांगायला लागले.

"आमच्या गावच्या हॉटेलात आमचा चहा वेगळ्या नावानं मागवायचे, सर. आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून वर्षं झाली हुती, पन हॉटेलवाला आत वरडायचा, 'एक बाहेरचा!' मग भायेर लिंबाला खिळ्यावर टांगलेला कप यायचा. पिऊन आपनच धुवायचा, आपनच टांगायचा. मी मास्तर झालो, तरी वडलांना 'बाहेरचा'च. आता तसं कुनी म्हनत न्हाई... पन मी ऐकत असतो. बाटलीचं बरं असतं. तिला आधीच धा जनांचं तोंड लागलेलं असतं."

जीप माणसांनी खचाखच भरली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो अर्धा कप उभा राहिला. मला पित्तच झालं होतं हो, हे वाक्य जिभेवर आलं. पण त्या क्षणी ते इतकं खोटं वाटलं असतं की मी गिळून टाकलं.

पुढच्या शनिवारी मी एक फुल मागवला. "सर, आधी तुम्ही घ्या, उरलेला मी घेतो." साळवे सर मिशीत हसले. "नको सर, पित्त झालंय." नाना खो खो हसला. ही थट्टा होती की परतफेड, ते मला आजवर कळलेलं नाही. पुढे पाच-सहा वर्षं, माझी केडगावला बदली होईपर्यंत, दोन कट, वेगळे. तसं पाहिलं तर आम्ही एकमेकांकडे जेवलो. माझी मुलगी आजारी पडली तेव्हा सर तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, सख्ख्या भावासारखे. पण आमच्याकडे जेवायला बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून एकदा आत नजर टाकायचे, आणि मला राग यायचा. अरे, इतक्या वर्षांनीसुद्धा? माझ्यावरसुद्धा?

ते गेल्यावर चार दिवसांनी मी हे सगळं पहिल्यांदा बायकोला सांगितलं. म्हटलं, बघ ना, मला खरंच पित्त झालं होतं, आणि माणूस गैरसमज घेऊन गेला. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा कुठं पित्त हुतं तुमाला? ते हितं केडगावला आल्यावर सुरू झालं. शेवगावात तर सकाळच्या पारी ठेचा-भाकर खात हुता."

मी तिच्यावर ओरडलो. मग आठवून पाहिलं... छातीत जळजळत होतं का त्या शनिवारी? कधी होतं असं वाटतं. कधी वाटतं, कप पुढे आल्यावरच ते पित्त झालं. मी इतकी वर्षं त्यांना संशयी म्हणत आलो. आता माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

गेल्या आठवड्यात शेवगावला साळवे वहिनींना भेटून आलो. परतताना पाय आपोआप नानाकडे वळले. मला पाहताच नाना सवयीने आत ओरडला, "दोन कट, वेगळे!" दोन कप बाकावर आले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. "चुकलं सर... तोंडात बसलंय वो," म्हणत तो दुसरा कप उचलायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो.

आधी माझा प्यायलो. मग त्यांचा जवळ ओढला आणि तोही तळापर्यंत संपवला. अजिबात जड गेलं नाही. त्या कपाला साळवे सरांचं तोंड लागलेलं नव्हतं.