पुटपुटणारी परीक्षार्थी

पन्नाशीत मी परीक्षेला बसलो, तेव्हा अख्खी वसई मला ओवाळायला येणार होती; रिक्षा मिळाली नाही म्हणून राहिलं. शेजारच्या बाकावर अर्नाळ्याची एक पोरगी होती. शाळेची पायरी न चढता घरीच शिकलेली. ही परीक्षा पास झाली तर कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पहिल्या वर्षाचे गुण, आधीच मिळून तिचं एक वर्ष वाचणार होतं. पेपरआधी तिने मला हे इतक्या वेळा सांगितलं, की ते वर्ष मलाच मिळणार असं वाटू लागलं.

पेपर सुरू झाला आणि ती लिहिता लिहिता पुटपुटू लागली. मुंगीलासुद्धा कान टवकारावे लागले असते, एवढासा आवाज. उजव्या हाताने लिहायची आणि डाव्याने बाक हलकेच थोपटायची.

"उत्तरं सांगतेस होय गं?" पर्यवेक्षक बाई कडाडल्या.

"नाय मॅडम, मी माझंच बोलते."

दोनदा ताकीद झाली. तिसऱ्यांदा बाईंनी पेपर काढून घेतला. मी असा गरजलो, की वसईच्या किल्ल्याचे बुरूज हलले. बाई हलल्या नाहीत. त्यांनी मलाही बाहेर काढलं.

"अगं, गप्प राहायला काय झालं होतं तुला?" मी व्हरांड्यात विचारलं.

"बाबाला दिसत नाय, काका. खाटेवरच असतो. मी मोठ्यानं बोलत लिवते, डाव्या हातानं त्याला थोपटत. गप झाले की त्याला वाटतं, मी उठून गेले."

तिने ओढणीने तोंड पुसलं.

"लवकर सोडलं ते बरं झालं. हाका मारत असंल तो."

वाचणारं वर्ष हातचं गेलं होतं, आणि पोरगी अर्नाळ्याची बस धरायला धावत सुटली.