वाढत्या अंगाचं

शाळा सुरू होण्याआधीच्या महिन्यात टेलरमावशींच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. निळ्या कापडाचे तागे, बटणांचे डबे, आणि आयांनी दंडाला धरून आणलेली, चुळबुळणारी पोरं. मावशी टेप लावायच्या, आकडा मनातल्या मनात वाचायच्या आणि वहीत दोन इंच जास्त लिहायच्या. पोराच्या आईनं तोंड उघडायच्या आत त्याच सांगून टाकायच्या, "वाढत्या अंगाचं शिवते." खाली चार बोटं दुमड, शिलाईच्या आत राखलेलं कापड, पोर वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. त्यांच्या हातचा गणवेश तीन-तीन वर्षं जायचा, आणि मग धाकट्या भावंडाच्या अंगावर आणखी दोन.

ते कपडे एकाच पोराला कधी बेताचे झाले नाहीत. ते पोर त्यांचं स्वतःचं होतं.

नवरा दारातून वाकून आत येणारा. त्याची लेक आज ना उद्या सरसरून वाढेल याबद्दल मावशींना शंकाच नव्हती. दरवर्षी त्या नवा गणवेश शिवायच्या, दरवर्षी तो लेकीच्या पोटऱ्यांवर लोळायचा, आणि दुमड उसवायची वेळच यायची नाही. शाळेत तिला 'तंबू' म्हणायचे, हे मावशींना फार उशिरा कळलं. सोळाव्या वर्षी लेकीनं नवा कोरा झगा घडी करून मशीनवर आणून ठेवला. रडली नाही की चिडली नाही. "आई, मी एवढीच आहे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती तयार कपडे घ्यायला लागली, लहान मुलांच्या विभागातून. आज ती एकतीस वर्षांची आहे. पाच फुटाला दोन इंच कमी. गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. मायलेकींचं वाकडं असं काही नाही. एका घरात राहतात, एकमेकींच्या ताटातलं उचलून खातात, एकमेकींची टरही उडवतात. फक्त कपड्यांचा विषय निघत नाही. प्रयोगशाळेतून मिळालेला पांढरा कोट लेकीच्या गुडघ्यांखाली येतो, बाह्या चारदा दुमडाव्या लागतात. तो दोरीवर वाळत घालताना मावशींचे हात शिवशिवायचे. गावभरच्या पोरांना कपडे शिवणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीच्या बाह्या आखूड करून द्यायची सोय नव्हती. विचारायची तर त्यांची छातीच व्हायची नाही.

लेक तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी निघाली, तेव्हा तिनं खिडकीतली एक लहानशी कुंडी आईच्या हातात दिली. जाड, टोकदार पानांचा गेंद, पानांवर पांढऱ्या आडव्या रेघा. सहा-सात वर्षं त्याच खिडकीत होतं ते रोप. पंधरा दिवसांनी दोन चमचे पाणी, बाकी काही करायचं नाही, असं तिनं बजावलं. "काही म्हणजे काही नाही हं, आई."

मावशींनी महिनाभर पाळलं. पण मशीनवर बसल्या की समोर तेच. एक दिवस त्यांनी टेप लावून पाहिला: चार इंच. पंधरा दिवसांनी पुन्हा लावला: चार इंच. बिचारं केवढ्याशा कुंडीत आखडून बसलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. पाय पसरायला जागा नाही तर वाढणार कुठून? त्यांनी बादलीएवढी कुंडी आणली, काळीभोर माती भरली, मधोमध ते रोप लावलं आणि पोटभर पाणी घातलं. फार बरं वाटलं त्यांना त्या दिवशी.

तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडून मऊ झाली. बोट लावलं तर एक पान देठापासून गळून हातात आलं. लेक यायला पंधरा दिवस उरले होते. इतक्या वर्षांत तिनं एक गोष्ट विश्वासानं हातात दिली होती, आणि तिचीही आपण माती केली. ती अख्खी कुंडी दोन्ही हातांत धरून मावशी रोपवाटिकेत गेल्या.

रोपवाटिकावाला म्हातारा होता आणि थट्टेखोर. "एवढ्याशा जिवाला एवढा मोठा वाडगा? पोहायला सोडलंय की काय?" असं म्हणत त्यानं रोप उपसलं. मुळं तपकिरी आणि गिळगिळीत झाली होती. चाकूनं तो एकेक कापत गेला. शेवटी तीन पांढरी, टणक मुळं उरली. तेवढी पुरेत, म्हणाला. चार दिवस सावलीत कागदावर कोरडं पडू द्यायचं, मग जाड वाळू घातलेल्या मातीत लावायचं, मुठीएवढ्या कुंडीत. मोठ्या कुंडीत रिकामी माती पाणी धरून बसते. एवढ्या पाण्याचं याच्या मुळांना काय करायचंय? बुडून मरतात.

"पण वाढतच नव्हतं हो," मावशी म्हणाल्या. "खुरटलं होतं."

म्हाताऱ्यानं रोपाचं वय विचारलं. मग रोप तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरलं. हे वर्षाला वाढतं करंगळीच्या नखाएवढं, आणि चार-पाच इंचांवर थांबतं, त्यानं सांगितलं. पुढे फार तर बाजूला पिल्लं काढतं. "खुरटलेलं नाही ताई हे. याची वाढ कधीच पुरी झालीये."

मावशी तिथल्याच एका पालथ्या खोक्यावर बसल्या. मागे कुणीतरी झारीनं पाणी घालत होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे याला काही कमी पडलं नव्हतं?"

"कसली कमी? छान होतं की."

लेक आली, तिनं बूट काढायच्याही आत मावशींनी सगळं सांगून टाकलं. रोप जगलं होतं, पण खालच्या पानांचा घेर गेल्यानं बारीक दिसत होतं. लेकीनं कुंडी डोळ्यांपाशी धरून नीट पाहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. रडते की काय म्हणून मावशी पुढे झाल्या, तर ती हसत होती.

"त्यालाही वाढत्या अंगाचं शिवलंस तू?"

मावशीही हसल्या, हसताहसता थांबल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या.

"अगं, जगलंय ना ते."

"झाडाचं नाही म्हणत मी."

लेक कुंडी खिडकीत ठेवून आत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. मग ती बाहेर आली आणि तो पांढरा कोट तिनं मशीनशेजारी ठेवला. "बाह्या सारख्या पाण्यात बुडतात," दुसरीकडे बघत ती म्हणाली. "बघतेस का जरा?"

मावशींनी टेप घेतला. पंधरा वर्षांत त्यांनी तिला अशी समोर उभी केली नव्हती. बाही मोजली, उंची मोजली, आकडा जसा आला तसा वहीत उतरवला. पाठीमागे जाऊन खांद्यांवर टेप धरला आणि त्या थबकल्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली होता. हे पहिल्यापासूनचं की नंतरचं, त्यांना आठवेना.

"बॅग याच खांद्याला लावतेस?"

"हो. का गं?"

"काही नाही. हलू नकोस."

आणि त्यांनी दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी लिहून घेतली.